चाकाचे लाल नट

माझा स्वभाव तापट आहे हे झरका शहरातल्या साऱ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे आणि मी ते नाकारतही नाही. अठरा वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली की माणसाला दुसऱ्याच्या ढिलाईची चीड येतेच. नट अर्धा आवळून चहाला गेलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. जे घडलं ते दुसऱ्या कोणाच्या हातून घडलं असतं, तर मी त्याला झरकात तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. पण ते माझ्याच हातून घडलं.

आमचा धंदा सरळ आहे. लष्कर जुने ट्रक लिलावात काढतं, ते आम्ही घेतो. बहुतेक इंग्रजी बनावटीचे, उंच, चारही चाकांना जोर असलेले. लाकडी हौदा काढायचा आणि त्या जागी पाण्याची टाकी बसवायची. टाकीत आडवे पत्रे घालायचे, नाहीतर वळणावर पाणी हिंदकळून गाडी आडवी होते. केबिनच्या टपाला बंदूकवाल्यासाठी गोल भोक असतं, ते झाळून बंद करायचं. इंजिन थकलेलं असेल तर जपानी डिझेल इंजिन बसवायचं, स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, आणि गाडी बादियातल्या, म्हणजे ओसाड माळरानातल्या, मेंढीवाल्यांना द्यायची. जिथे मेंढ्या तिथे पाणी पोचलं पाहिजे, आणि तिथे दुसरी गाडी जात नाही.

या ट्रकांच्या चाकांत मात्र एक गोम आहे. रिम दोन तुकड्यांची असते, दोन थाळ्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तशी, आणि मध्ये टायर. चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळातले नट चाकाला गाडीशी धरून ठेवतात. चाक उतरवायचं तर ते खोलायचे. बाहेरच्या वर्तुळातले नट रिमचे दोन तुकडे एकमेकांना धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना ते खोलले, तर बाहेरचा तुकडा तोफेतून सुटल्यासारखा सुटतो. समोर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे आणि ते इथे सांगणार नाही. म्हणून लष्करात बाहेरचे नट लाल रंगवतात. लाल म्हणजे हात लावायचा नाही, इतकं अडाणी शिपायालाही कळतं.

पण गाडी सरकारी तपासणीला न्यायची तर तिच्यावर लष्करी रंगाचा ठिपकाही चालत नाही. मागे एकदा बॅटरीच्या खोक्याच्या तळाशी तळहाताएवढा खाकी डाग राहिला होता, तेवढ्यासाठी गाडी परत आली. तेव्हापासून आम्ही सगळी गाडी, चाकं, नट, सगळं एकाच रंगात बुडवतो. हे काम हारूत करतो. तो अर्मेनियन आहे, हात सोन्याचा आणि जीभ लाकडाची. तपासणी पास झाली की मग मी स्वतः लाल डबा उघडतो आणि बारीक ब्रशने बाहेरचे नट पुन्हा लाल करतो. हे काम मी कोणाला करू देत नाही. सव्वीस ट्रक दिले, सव्विसांचे नट मी रंगवले.

सत्ताविसावा ट्रक दहामचा. दहाम सफावी गावाच्या पुढे, काळ्या दगडांच्या माळावर राहतो. त्याच्या जुन्या टँकरचा गिअरबॉक्स फुटला होता आणि मेंढ्या दोन दिवस उधारीच्या पाण्यावर होत्या. गुरुवारी दुपारी तो तपासणीच्या आवारातच येऊन उभा राहिला. गाडी पहिल्या फटक्यात पास झाली. तपासणारा साहेब टाकीवर थाप मारून म्हणाला की ही कोणी जुनी म्हणणार नाही. तिथल्या ड्रायव्हरांनी भोवती कोंडाळं केलं, कोणी वाकून खालचे पाटे बघितले, कोणी माझं नाव विचारलं. मी छाती फुगवून उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला ती स्तुती फार गोड लागली, आणि गाडी गॅरेजला परत न आणता मी तिथूनच दहामच्या हातात चावी दिली.

वर शहाणपणाही शिकवला. केबिनच्या दारात हात ठेवून सांगितलं, "मागच्या उजव्या चाकाचं ऑइल सील नवं आहे. शनिवारी चाक उतरव आणि ड्रमवर तेल आलंय का बघ. हवा काढायची गरज नाही. आणि लक्षात ठेव, लाल नटांना हात लावायचा नाही. बाकीचे खुशाल खोल."

दहाम म्हणाला, "चाकांचं वदहा बघते. तिला सांगतो."

वदहा त्याची बायको. गाडी तीच चालवते, पाणी तीच भरते. तिकडे हे काही नवलाचं नाही. मी मान डोलावली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. शुक्रवारी सुट्टी होती, तो दिवसही मजेत गेला.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला हारूत ब्रश धूत बसला होता. म्हणाला, "लाल डबा नवा आणून ठेवला होता. तू तर उघडलाच नाहीस."

मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. माणसाला आधी दुसऱ्याचं तोंड बंद करावंसं वाटतं. मग आठवलं. मी खाली टायरवर बसलो. दहामच्या गाडीचं एकेक चाक डोळ्यांपुढे आलं. निळं. सगळं निळं. आतले निळे, बाहेरचे निळे. आणि मी त्याला काय सांगितलं होतं? लाल सोडून बाकीचे खुशाल खोल.

मी ट्रक काही न सांगता सोडला असता तर एखाद वेळेस त्यांनी विचार केला असता, कोणाला विचारलं असतं. मी विचारायची सोयच ठेवली नव्हती. जिथे लाल एकही नाही तिथे सगळे खोलायला उस्तादाची परवानगी होती. आणि कुठलं चाक? पंक्चर झालेलं नव्हे, ज्यात हवा ठासून भरलेली आहे ते. कधी? आज.

हारूतला एवढंच म्हणालो की येतो. त्याने माझ्या पिकअपच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावून दिलं. तेव्हा खिशात घेऊन फिरायचे फोन नव्हते, आणि असते तरी त्या दगडांत कुणी उचलला असता?

मफरक शहरापर्यंत रस्त्यात ट्रकांची रांग होती. मी शिव्या देत, हॉर्न मारत गेलो. हिशेब सारखा डोक्यात चालू होता. बायका पहाटे उठतात. मेंढ्यांचं दूध, भाकरी, मग पाणी. पाणी आणायला टँकर हवा, म्हणजे चाक आधी उतरवणार नाहीत, पाणी आणल्यावर उतरवतील. म्हणजे अकरा. की उन्हं चढायच्या आत म्हणून आधीच उतरवतील? म्हणजे आठ. आठ तर कधीच वाजून गेले होते. मी हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचो आणि दर वेळेला तो मला हवा तसा आणायचा प्रयत्न करायचो.

मी फारसा नमाजी माणूस नाही. पण त्या रस्त्यावर मी देवाकडे जे मागितलं ते कोणी मागितलं नसेल. म्हटलं, देवा, तिचं ते चाक पंक्चर कर. नुसती हवा कमी नको, पार बसू दे, रिम जमिनीला लागू दे. हवा नसली की ते नट खोलले तरी काही होत नाही. रिम दोन भागांत हातात येते, माणूस चक्रावतो, मला चार शिव्या देतो आणि शहाणा होतो. तिथे दगड सुरीसारखे आहेत, तुला एक दगड जड नाही. सफावीपर्यंत मी हेच म्हणत होतो.

सफावीला पंक्चरवाल्याकडे थांबलो. तो माझ्या ओळखीचा. निळा टँकर पाहिलास का विचारलं, तर त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, काल दुपारच्या नमाजानंतर दहामची बायको आली होती, माझा लांब पाना आणि त्यावर चढवायचा पाइप घेऊन गेली. चाक उतरवायचं म्हणाली.

मी विचारलं, तिने आणखी काही विचारलं का?

"विचारलं की. बाई हुशार आहे. म्हणाली, नटांच्या दोन रांगा आहेत, कुठली खोलायची? मी विचारलं, उस्ताद काय म्हणाला? म्हणाली, लाल सोडून सगळे. मी म्हटलं, मग उस्तादाचं ऐक, त्याने लष्करात केस पांढरे केलेत."

मला पाणी देत होता, मी घेतलं नाही.

सफावीच्या पुढे डांबर सोडलं की काळे दगड सुरू होतात. जिकडे बघावं तिकडे डोक्याएवढे, मुठीएवढे, आणि मधून गाड्यांनी पाडलेली एक वाट. माझ्या पिकअपसारख्या गाडीने तिथे माणसाच्या चालीने जायचं असतं. मी तसा गेलो नाही. दहा-बारा किलोमीटर गेलो असेन, तेवढ्यात पुढचं डावं चाक फाटलं. देवाने माझं म्हणणं ऐकलं होतं, फक्त पत्ता चुकला होता.

चाक बदलायला मला एरवी दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी पाना दोनदा हातातून सटकला, जॅक दगडावरून घसरला, बोटांची सालं निघाली. आणि सगळा वेळ मी कान देऊन होतो. त्या माळावर आवाज फार लांब जातो. वारा होता, नुसता वारा. काही ऐकू आलं नाही याचा अर्थ अजून काही झालेलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. किंवा होऊन गेलं आहे, हा दुसरा अर्थही मला कळत होता.

दहामचे तंबू दिसले तेव्हा बारा वाजायला आले होते. निळा ट्रक तंबूंच्या मागे उभा होता आणि मागून एका बाजूला कलला होता. तंबूपाशी पाच-सहा पुरुष जमलेले. कोणी घाईत नव्हतं. काम आटपलेलं असलं की माणसं अशी उभी राहतात.

ट्रकपासून चाळीस पावलांवर रिमचा बाहेरचा तुकडा पडला होता. तो मधल्या दगडांना घासत गेला होता, आणि त्याचा निळा रंग वाटेवरच्या दगडांवर लागलेला होता. मी गाडीतून उतरलो. एका म्हाताऱ्याला मी नुसतं हाताने विचारलं, कोण?

त्याने तंबूकडे बोट केलं. वदहा तंबूच्या कडेला, घडी केलेल्या गाद्यांना टेकून बसली होती. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत दोन काटक्या लावून फडक्याने बांधलेलं. चेहरा धुळीने पांढरा. पण डोळे उघडे, मान सरळ. बसलेली, जिवंत. मी तिथेच एका दगडावर बसलो आणि मला रडू आलं. लोकांना वाटलं उन्हाने चक्कर आली.

झालं असं होतं की पाइप चढवल्यामुळे पाना लांब झाला होता, आणि लांब पान्यावर जोर द्यायला ती चाकाच्या समोर नव्हती, बाजूला होती. बाहेरचे नट एकेक करून सुटत गेले. शेवटचे दोन राहिले तेव्हा रिम सुटली. तुकडा तिच्या समोरून गेला आणि पाइपने तिचा हात मोडला. दोन वितींचा फरक.

दहाम धावत आला. मला मिठी मारली, दोन्ही गालांना गाल लावले, आणि तिकडच्या रीतीने मुलाच्या नावाने मला हाक मारली.

"अल्लाहनेच तुला पाठवलं, अबू तैमूर. चुलतभावाची गाडी आणायला माणूस पाठवलाय, पण तो कधी येईल कोण जाणे. तुझी गाडी आहे, आता तिला मफरकच्या इस्पितळात नेता येईल. इतक्या लांब गाडी बघायला आलास? असा कारागीर आता राहिला नाही."

मी म्हटलं, चल, निघू या. तो म्हणाला, बायका तिला तयार करताहेत, एक कप घेतल्याशिवाय तुला उठू देणार नाही. आणि कॉफी माझ्या हातात आली.

मी कप धरून बसलो. सांगायचं होतं, दर वाक्यानंतर सांगायचं होतं. पण दहाम माझी माफी मागत होता. माझी! म्हणत होता की तू बजावून सांगितलं होतंस लालला हात लावू नका, मी हिला शब्द न् शब्द सांगितलं, तरी हिने तेच खोलले. तुझं चाक वाया घालवलं, तुझ्या कामाला बट्टा लावला. जमलेले पुरुष माना डोलावत होते. एकजण म्हणाला की रंग ओळखता येत नसतील तर पाना कशाला हातात घ्यावा.

तंबूच्या पडद्याआडून दहामच्या आईचा आवाज येत होता. दिसत नव्हती, पण एक अक्षर वाया जात नव्हतं. म्हणत होती, मी पहिल्यापासून सांगत होते. गाडी चालवते, ठीक. पाणी भरते, ठीक. आता उस्तादापेक्षा शहाणी झाली. मरद माणसाने सांगितलेलं ऐकायचं नाही, नि मग हात मोडून घ्यायचा, नि मग माझ्या पोराने गावभर गाडी शोधत फिरायचं. या हंगामात दूध कोण काढणार, मी?

वदहा म्हणाली, "लाल नव्हते."

ती मोठ्याने म्हणाली नाही. दहामने तिच्याकडे न बघताच हात झटकला. म्हणाला, लाल कसे नसतील, उस्तादाने सांगितलं होतं.

"एकही नव्हता. मी बोटाने पुसून एकेक बघितला. मला वाटलं धुळीखाली असेल."

कोणी उठलं नाही. बाकीची तीन चाकं वीस पावलांवर होती, कोणीही जाऊन बघू शकलं असतं. पण दोष ठरलेला होता, मग बघायची तसदी कोण घेणार?

आणि मी? मी गप्प बसलो असतो तर ते कायमचं तसंच राहिलं असतं. मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. नंतर कधीतरी येऊन नट रंगवून गेलो असतो तर दहामने त्यालाही माझा मोठेपणा म्हटलं असतं. सव्वीस ट्रकांचं माझं नाव, अठरा वर्षांचं नाव, सगळं जागेवर राहिलं असतं. मी हे लिहितो आहे कारण एक कपभर वेळ मी तसा बसलो होतो. कॉफी गार होईपर्यंत बसलो होतो, हे मला कबूल केलं पाहिजे.

वदहा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत आरोप नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं की तिचं काय चुकलं. चांगली कामगार माणसं अशी बघतात, मला ती नजर ओळखता येते.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ती खरं बोलतेय. लाल नव्हते. ते मी रंगवायचे होते, मी विसरलो."

दहाम हसला. त्याला वाटलं मी तिला सांभाळून घेतो आहे. म्हणाला, "असू दे रे, बाईमाणसाचं मन राखायला—"

"उठ," मी म्हटलं, "आणि बाकीची चाकं बघून ये."

तो उठला, ट्रककडे गेला. पहिल्या चाकापाशी वाकला, तळव्याने धूळ पुसली. दुसऱ्यापाशी गेला. तिसऱ्यापाशी गुडघे टेकून बराच वेळ बसला. परत आला तेव्हा तो बसला नाही. हाताला लागलेली धूळ झग्याला पुसत उभा राहिला. जमलेले पुरुष आपापल्या पायांकडे बघायला लागले. मघाशी रंगांविषयी बोललेला माणूस कोपऱ्यातला चहाचा ग्लास शोधत होता.

पडद्याआड म्हातारीचं बोलणं चालूच होतं. आता ती दुधावरून मुलांच्या कपड्यांवर आली होती.

मी वदहाला म्हटलं, "माझ्यामुळे झालं, बहिणी. तू सांगितलं तसंच केलंस."

तिने मान हलवली. तिला ते माझ्याकडून हळू आवाजात नको होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "माझ्या सासूला ऐकू गेलं नाही."

मी पडद्याकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. आवाज माझाच मला पोरकट वाटला. म्हातारी क्षणभर थांबली आणि मग तिने कोणाला तरी विचारलं की तो काय म्हणतोय.

"पुन्हा," वदहा म्हणाली.

मग मी उभा राहिलो. गॅरेजमध्ये लोकांवर ओरडताना जो आवाज लावतो तोच लावला. म्हणालो की चूक माझी, उस्ताद जवदतची आहे. नट रंगवायला मी विसरलो आणि वर चुकीचं सांगून पाठवलं, दहामच्या बायकोने मी सांगितलं तेच अक्षर न् अक्षर केलं, आणि तिच्या जागी मी असतो तरी तेच खोलले असते. पलीकडच्या तंबूंतून दोन बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पडद्याआड एकदम शांत झालं. वारा तेवढा तंबूच्या दोऱ्या वाजवत होता.

वदहाने थोडा वेळ त्या शांततेकडे कान दिला. मग उजव्या हाताने मोडलेला हात छातीशी धरला आणि उठायला लागली.

"आता चला," ती म्हणाली. "फार दुखतंय."